मुलाला समुपदेशनाला नेताय? पहिल्या फोनपासून शेवटच्या भेटीपर्यंत

समुपदेशन सुरू करायचं ठरलं की बहुतेक आईवडिलांच्या डोक्यात एकच चित्र असतं. मुलाला आत सोडायचं, आपण बाहेर खुर्चीवर बसायचं आणि काही आठवड्यांनी मूल पूर्वीसारखं होऊन घरी येईल. तसं होत नाही. आठवड्यातला जेमतेम पाऊण तास त्या खोलीत जातो, बाकी सगळा वेळ मूल तुमच्याबरोबर असतं. खरा बदल घरी घडतो, आणि तो घडवण्यात मोठ्यांना मुलाइतकंच, कधी कधी मुलापेक्षा जास्त काम करावं लागतं. आमच्या घरातले सगळेच यातून गेलेत. हे आधी कुणी सांगितलं असतं तर सोपं गेलं असतं असं ज्या ज्या ठिकाणी वाटलं, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

त्याआधी एक महत्त्वाचं. मूल मरण्याबद्दल बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणंपिणं सोडून बसलं असेल किंवा कुणी त्याला त्रास देत असल्याचा संशय असेल, तर भेटीची तारीख मिळेपर्यंत थांबू नका. जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठा आणि मुलाला एकटं सोडू नका. पुढचे सगळे टप्पे नंतर.

१. आधी डॉक्टरांकडे, मग योग्य माणसाकडे

पहिली भेट मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांची घ्या. 'ऐकतच नाही' अशी ज्याच्याबद्दल तक्रार असते, त्या मुलाच्या मधल्या कानात द्राव साठलेला असू शकतो. टॉन्सिल किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) वाढल्यामुळे रात्री नीट श्वास घेता येत नसेल तर दिवसा चिडचिड होते, चंचलपणा दिसतो, वर्गात लक्ष लागत नाही. डोळे, कान, झोप, रक्तातलं लोह, थायरॉइड यांपैकी काय तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. ही पायरी गाळली तर ज्याचं मूळ शरीरात आहे त्यावर महिनोन्‌महिने नुसती चर्चा होत राहते.

मग माणूस निवडायचा. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधं ते लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि उपचार करतात. समुपदेशक बोलण्यातून, खेळातून, कौशल्यं शिकवून मदत करतात. अनेक मुलांना यातल्या एकाहून अधिक लोकांची गरज लागते. तुम्ही सुरुवात चुकीच्या दारातून केलीत तरी चांगला माणूस तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवतो.

पहिल्या फोनवर संकोच न करता विचारा: शिक्षण काय, नोंदणी किंवा परवाना आहे का, माझ्या मुलाच्या वयाच्या मुलांबरोबर किती काम केलंय, पद्धत कोणती, पालकांना किती वेळा भेटता, भेट रद्द झाली तर पैशांचं काय. या प्रश्नांनी जो वैतागतो, त्याच्याकडे पुढे अवघड विषय काढणं जड जाणार. नाव प्रतीक्षा यादीत टाकावं लागलं तर टाका आणि त्या काळात पुढची तयारी करा.

२. सोबत न्यायचे कागद

- जन्माच्या वेळची आणि लसीकरणाची नोंद
- जुनी वैद्यकीय फाइल, चालू औषधांची नावं आणि मात्रा
- शाळेची अलीकडची प्रगतिपुस्तकं, शिक्षकांनी लिहिलेले शेरे
- आधी झालेल्या चाचण्यांचे अहवाल (भाषा, बुद्धिमत्ता, अध्ययन अक्षमता वगैरे)
- आईवडील विभक्त असतील तर ताब्यासंबंधीचा न्यायालयाचा आदेश. अशा वेळी दोघांची संमती लागू शकते, म्हणून फोनवरच विचारून ठेवा
- ओळखपत्र, विमा असल्यास त्याचे कागद

या सगळ्यापेक्षा उपयोगी पडते ती एक साधी वही. भेटीआधी दोनेक आठवडे, काही घडलं की चार गोष्टी लिहायच्या: त्याच्या आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर मोठ्यांनी काय केलं आणि ते किती वेळ चाललं. 'खूप हट्टी आहे' यातून समुपदेशकाला काहीच हाती लागत नाही. 'रविवारी संध्याकाळी दप्तर भरायला सांगितलं, पोट दुखतंय म्हणाला, वीस मिनिटं रडला, शेवटी दप्तर मीच भरलं' यातून बरंच लागतं. वार, वेळ आणि शेवटी कोण नमलं, एवढं दिसलं की अर्धं काम झालं. वही मुलाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

३. मुलाला काय सांगायचं

फिरायला चाललोय म्हणून नेऊ नका. ज्या खोलीत मुलाने विश्वास ठेवायचा, तिथे त्याला फसवून आणलं तर सुरुवातच बिघडते. 'असाच वागलास तर त्या बाईंकडे नेईन' ही धमकी तर चुकूनही नको.

लहान मुलाला एक-दोन दिवस आधी, शांत वेळी सांगा: "तुला रात्री भीती वाटते ना, आणि मग आपण सगळेच वैतागतो. अशा वेळी काय करायचं ते शिकवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांच्याकडे खेळणी आहेत, चित्रं काढायला रंग आहेत. तिथे इंजेक्शन नसतं. मीपण येणार आहे, कारण मलाही शिकायचंय." यातलं शेवटचं वाक्य वगळू नका. आपल्यात काहीतरी बिघाड आहे म्हणून आपल्याला नेतायत, असं मुलांना पटकन वाटतं. घरातलं मोठं माणूसही शिकायला येतंय म्हटलं की ते ओझं हलकं होतं.

किशोरवयीन मुलाला मात्र ठरवून झाल्यावर सांगू नका, ठरवताना विचारा. पुरुष की स्त्री समुपदेशक, समोरासमोर की ऑनलाइन, कोणत्या दिवशी, यातलं जेवढं त्याच्या हातात देता येईल तेवढं द्या. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातल्या बाराव्या कलमात हेच तत्त्व आहे: मुलाशी संबंधित बाबींत मुलाला मत मांडता आलं पाहिजे आणि वयानुसार, परिपक्वतेनुसार त्या मताला वजन मिळालं पाहिजे. घरातही ते लागू करायला हरकत नाही. तरीही तो नाहीच म्हणाला, तर तुम्ही एकटे जा. पालकांनी एकट्याने सुरू केलेल्या कामाचाही घरावर परिणाम होतो. 'दोनदा ये, मग ठरव' ही तडजोड पुष्कळदा चालते.

४. पहिली भेट: प्रश्नच प्रश्न

बरेच समुपदेशक पहिल्यांदा फक्त आईवडिलांना बोलावतात. गरोदरपण, जन्म, चालायला-बोलायला कधी लागला, झोप, भूक, मित्र, शाळाबदल, घरातले मृत्यू, आजारपणं, भांडणं, पैशांची ओढाताण, सगळं विचारतात. यातलं काही खासगी वाटेल. शक्य तेवढं खरं सांगा. नवराबायकोत तणाव असेल आणि तो लपवला, तर मुलाच्या डोकेदुखीचं कारण शोधताना सगळ्यात मोठा धागाच गायब असतो.

काही जण कुटुंबाचा आराखडा काढतात. मरे बोवेन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाच्या कामातून ही रीत रुजली. पुरुषांसाठी चौकोन, स्त्रियांसाठी वर्तुळ, निदान तीन पिढ्या, आणि जिथे वितुष्ट आहे तिथे दोघांमध्ये नागमोडी रेघ. आमचा कागद भरत आला तेव्हा माझे वडील, माझी धाकटी बहीण आणि माझा मुलगा, तिघांच्याही नावाजवळ 'नव्या जागी झोप लागत नाही' असं लिहिलेलं होतं. तोवर मुलाच्या त्या सवयीकडे आम्ही नाटक म्हणून पाहत होतो. एका कागदावर तिघं एका रांगेत दिसल्यावर घरातला बोलण्याचा सूर बदलला.

प्रश्नावल्याही भरायला मिळतील. जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात पंचवीस विधानं आहेत आणि पालक, शिक्षक व मोठी मुलं अशा वेगवेगळ्या लोकांनी ती भरायची असते. तुमची आणि शिक्षकांची उत्तरं जुळली नाहीत तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका. घरी गोंधळ घालणारं मूल शाळेत चिडीचूप असू शकतं, आणि हा फरकच समुपदेशकाला हवा असतो. प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे. पहिल्याच भेटीत कुणी मुलाला आजाराचं नाव चिकटवलं तर ते कशावरून, हे विचारा.

५. गुप्ततेचे नियम लेखी घ्या

बहुतेक गैरसमज इथे होतात. मुलाने खोलीत सांगितलेलं सगळं तुम्हाला कळणार नाही, कळूही नये. साधारणपणे समुपदेशक पालकांना दिशा सांगतात: कशावर काम चाललंय, प्रगती कशी आहे, घरी काय करायचं. शब्दन्‌शब्द सांगत नाहीत. अपवाद असतात: मुलाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका, मुलाचा छळ किंवा लैंगिक शोषण, न्यायालयाचा आदेश. हे अपवाद पहिल्याच दिवशी मुलासमोर, त्याला कळेल अशा भाषेत सांगितले जायला हवेत. नोंदी कोण पाहू शकतं, शाळेला काही कळवणार का, ऑनलाइन भेटींचं रेकॉर्डिंग होतं का, हेही विचारून घ्या.

आणि परतीच्या वाटेवर चौकशी करू नका. "काय विचारलं? तू काय सांगितलंस? माझ्याबद्दल काही बोललास का?" या तीन प्रश्नांनी मूल पुढच्या वेळी तोलूनमापून बोलायला लागतं. "बरं झालं आलास. बोलावंसं वाटलं तर मी आहे," एवढं पुरे. आजी-आजोबा, मावशी, शेजारी यांनाही हा नियम समजावून ठेवा. घरातले इतर जण अगदी प्रेमापोटी खोदून विचारतात.

६. आत नेमकं काय चालतं

बाहेरून पाहिलं तर मूल नुसतं खेळतंय असं वाटेल. साधारण दहा-बारा वर्षांपर्यंतची मुलं मनातलं बोलून दाखवण्यापेक्षा खेळून दाखवतात. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ मार्गारेट लोवेनफेल्ड यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये वाळूचे ट्रे आणि छोट्या बाहुल्या-प्राणी मुलांपुढे ठेवले. पुढे अमेरिकेत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन यांनी १९४०च्या दशकात खेळातून उपचाराची अशी रीत मांडली, जिच्यात मूल वाट दाखवतं आणि मोठा माणूस मागून चालतो. बाहुलीघर, माती, हातमोज्याच्या बाहुल्या, रंग ही तिथली अवजारं आहेत. त्यामुळे 'इतके पैसे देऊन खेळायलाच नेतो का?' हा प्रश्न मनात आला तर तो समुपदेशकांना सरळ विचारा. चांगला माणूस त्या खेळामागचा हेतू सांगतो.

भीती आणि चिंतेसाठी बहुधा विचार-वर्तन पद्धत (विचार आणि वागणं दोन्ही थोडं थोडं बदलायला शिकवणारी) वापरतात, अंदाजे सात-आठ वर्षांपासून पुढे. हिच्यात घरचं काम सगळ्यात जास्त असतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

माझा मुलगा अंधार पडल्यावर आतल्या खोलीत एकटा जात नसे. समुपदेशकांनी त्याच्याकडूनच सोप्यापासून अवघडापर्यंतच्या पायऱ्यांचा एक जिना तयार करून घेतला. सगळ्यात खाली: दिवा लावून उंबऱ्यावर उभं राहायचं, आई मागे. मग एक पाऊल आत. मग आई स्वयंपाकघरात. मग दिवा मंद. सगळ्यात वर: दिवा न लावता आत जाऊन गोष्टीचं पुस्तक आणायचं. प्रत्येक पायरीपुढे त्याने भीतीचा आकडा लिहिला, शून्य ते दहा. नियम असा की आकडा उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबायचं, घाई करायची नाही आणि मध्येच पळूनही यायचं नाही. उंबऱ्यावर उभा राहून तो मोठ्याने सांगायचा, "सात... अजून सातच... आता पाच." आकडा आपोआप उतरतो हे त्याला कुणी सांगून पटलं नसतं, ते त्याला स्वतःच्या अंगात जाणवलं.

आम्हाला दिलेलं काम मात्र याहून अवघड होतं: "काही होणार नाही, मी आहे ना" हे म्हणणं बंद करायचं. अशा धीराने मुलाला त्या क्षणी बरं वाटतं, पण 'कुणीतरी म्हणालं म्हणून वाचलो' एवढंच त्याच्या मनात ठसतं आणि पुढच्या वेळी तो तेच वाक्य पुन्हा मागतो. त्याऐवजी म्हणायचं: "भीती वाटतेय हे दिसतंय. तुला जमेल असंही मला वाटतं. आकडा किती?" रडणाऱ्या मुलासमोर एवढंच बोलून थांबायला फार बळ लागतं. घरातल्या दोन मोठ्यांपैकी एकाने हे केलं आणि दुसऱ्याने पटकन जाऊन दिवा लावला, तर जिना तिथेच अडतो. म्हणून जिना सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी बोलून घ्या.

दोन ते सात वर्षांच्या, फार आक्रस्ताळेपणा करणाऱ्या मुलांसाठी पालकांनाच शिकवणारी पद्धत आहे. अमेरिकेत शीला आयबर्ग यांनी ती १९७०च्या दशकात विकसित केली. पालक मुलाशी खेळतात, समुपदेशक एकतर्फी काचेमागून पाहतात आणि पालकाच्या कानातल्या यंत्रातून त्याच क्षणी सूचना देतात. घरचा अभ्यास रोज पाच मिनिटांचा: खेळ मुलाने निवडायचा आणि त्या वेळात तुम्ही हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, टीका करायची नाही. करून पाहा. पाच मिनिटं प्रश्न न विचारता मुलाशी बोलणं किती कठीण आहे ते लगेच कळतं.

७. सगळ्या कुटुंबाची बैठक

यात भावंडं, कधी आजी-आजोबाही असतात. कोण कुठे बसलं, कोण कुणाच्या वतीने उत्तर देतं, आईवडील वाद घालू लागले की मूल मध्येच खोडी काढतं का, हे समुपदेशक टिपत असतात. कुटुंबोपचाराचे एक प्रणेते साल्व्हादोर मिनुचिन यांच्या परंपरेत काम करणारे तर चालू बैठकीत जागा बदलायला लावतात, आईवडिलांच्या मध्ये बसलेल्या मुलाला उठवून दोघांना शेजारी बसवतात. गोंधळून जाऊ नका, तो उपचाराचाच भाग आहे.

मुलाच्या देखत तक्रारींची यादी वाचू नका. ती आधी लिहून पाठवा किंवा वेगळी वेळ मागा. आणि ज्या भावंडाचा काही त्रास नाही, त्याच्याशी मुद्दाम बोला. सगळं घर एकाच मुलाभोवती फिरायला लागलं की दुसरं गप्प होतं.

८. वाढल्यासारखं वाटेल

हट्टाला लक्ष मिळणं बंद झालं की हट्ट आधी वाढू शकतो, मग उतरतो. जे बटण नेहमी चालायचं ते चालेनासं झाल्यावर मूल ते आणखी जोरात दाबून पाहतं. नेमक्या याच टप्प्यावर बरेच पालक 'उपयोग नाही' म्हणून थांबतात. त्यात, वाढलेल्या हट्टापुढे एकदा जरी नमलात, तरी एवढं ताणायला हवं हे मूल शिकतं.

मात्र प्रत्येक बिघाड या खात्यात टाकू नका. झोप उडाली, मूल मरणाचं बोलू लागलं, भेटीच्या दिवशी घाबरून थरथरायला लागलं, तर त्याच दिवशी समुपदेशकांना कळवा; मरणाचं बोलणं असेल तर सुरुवातीला सांगितल्याप्रमाणे आधी रुग्णालय गाठा.

भेटी सुरुवातीला साधारण आठवड्यातून एकदा असतात. चिंतेसाठीचे विचार-वर्तन कार्यक्रम बहुधा १२ ते १६ भेटींचे असतात; मोठा आघात किंवा गुंतागुंत असेल तर काम लांबतं. चार-सहा भेटींनंतर बसून आढावा मागा: काय ठरलं होतं, काय बदललं, पुढे काय. 'मूल आनंदी व्हावं' हे ध्येय मोजता येत नाही. 'आठवड्यातले चार दिवस न रडता शाळेत जाणं' मोजता येतं. जरा बरं दिसलं की भेटी चुकवायचा मोह होतो, तो टाळा.

९. समुपदेशक पटत नसतील तर

१९७९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड बोर्डिन यांनी उपचारातल्या नात्याचे तीन भाग सांगितले: ध्येयावर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि आपसातला जिव्हाळा. काही खटकलं की यातलं नेमकं काय निसटतंय ते पाहा आणि तसं बोला. पुष्कळदा बोलण्यानेच सुटतं.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र दुसरा माणूस शोधा: नक्की बरं करण्याची हमी, मुलाला किंवा तुम्हाला लाजवणं, दुसऱ्या कुटुंबाच्या गोष्टी नावानिशी सांगणं, पालकांना कधीच न भेटणं, मानसोपचारतज्ज्ञांशी न बोलता औषध बंद करायला सांगणं. बदलताना मुलाला निरोप घेऊ द्या आणि अहवालाची प्रत मागून घ्या.

१०. शाळेला किती सांगायचं

वर्गात ज्याची गरज आहे तेवढंच. 'भीती वाटली की त्याला दोन मिनिटं बाहेर जाऊ द्यावं' एवढं शिक्षकांना पुरतं, घरातला इतिहास नको. समुपदेशक शाळेशी बोलणार असतील तर तुमची लेखी परवानगी घेऊन, आणि मुलाला आधी सांगून.

११. थांबवताना

अचानक बंद करू नका. आठवड्याच्या भेटी पंधरवड्यावर, मग महिन्यावर आणा. शेवटची भेट कधी आहे हे मुलाला काही आठवडे आधी माहीत असू द्या. लहान मुलाला त्या माणसाचा लळा लागलेला असतो. त्या भेटीत एक पानभर लिहून घ्या: पुन्हा घसरण सुरू झाल्याची या मुलातली पहिली लक्षणं कोणती, तेव्हा घरी आधी काय करायचं, आणि किती दिवसांत सुधारलं नाही तर फोन करायचा. शाळाबदल, घरबदल, परीक्षा, घरातलं आजारपण अशा वेळी जुनी भीती डोकं वर काढू शकते. तेव्हा एक-दोन भेटींसाठी परत येता येईल का आणि फाइल किती वर्षं जपून ठेवतात, हे निघण्यापूर्वी विचारून घ्या.